उलटीकडून तपासलेली पानं

कोर्टासमोरच्या रांगेतलं तिसरं दुकान टायपिंगच्या बाईंचं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, पण चाळीसेक वर्षं तिथे एक टाइपरायटर, एक टेबल, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि बाई, एवढाच संसार होता. बाईंचा वेग असा की शेजारचा शिक्केवाला म्हणायचा, "यांच्या दुकानावरून जाताना पावलं आपोआप भराभर पडतात." आणि चूक? औषधालासुद्धा सापडायची नाही. वकील मंडळी एकमेकांच्या कागदांत खुसपट काढण्यात हयात घालवतात, पण बाईंच्या कागदावर कुणी बोट ठेवलं नाही.

याचं गुपित अगदी साधं होतं. बाई वाचायच्याच नाहीत.

हो, बरोबर ऐकलंत. त्यांना टायपिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाचलंत की चुकलात. डोळे कागदावर, बोटं कळांवर, आणि मन घरी ठेवून यायचं." बाईंनी हे असं काही अंगी मुरवलं की अक्षर डोळ्यांतून शिरायचं ते थेट बोटांतून बाहेर पडायचं, वाटेत डोक्याकडे फिरकायचंसुद्धा नाही. तपासतानाही त्या पान उलटीकडून तपासायच्या. शेवटच्या शब्दापासून सुरुवात आणि पहिल्या शब्दावर शेवट. सरळ वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की डोळा पुढे धावतो आणि चूक मागच्या मागे निसटते. उलटं गेलं की एकेक शब्द एकटा सापडतो. शिवाय खरं सांगायचं तर यात त्यांच्या जिवाचीही सोय होती. घटस्फोटाचे अर्ज, भावाभावांच्या वाटण्या, पोरांनी आईबापांवर लावलेले दावे, हे सगळं वाचत बसल्या असत्या तर संध्याकाळी घास घशाखाली उतरला असता का? गिऱ्हाइकांना एवढंच माहीत होतं: बाईंच्या दुकानातलं या कानाचं त्या कानाला कळायचं नाही.

अशा या बाईंकडे उद्याकाका गोष्टी टाइप करायला आणायचे.

उद्याकाका पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर होते. पंप चालू करायचा, चार तास त्याच्याशेजारी बसायचं, मग बंद करायचा. त्या चार तासांत हा गृहस्थ नोंदींच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर गोष्टी लिहायचा, त्याही आजच्या नाहीत, पुढच्या शंभर वर्षांतल्या. म्हणून सगळी गल्ली त्यांना उद्याकाका म्हणायची. थोडं कौतुकाने, बरंचसं टिंगलीने. "काय उद्याकाका, उद्या पाणी येणार का?" असं कुणी विचारलं की ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "उद्याचं नाही बुवा सांगता येत. साठ वर्षांनंतरचं विचारा."

दोन-अडीच महिन्यांनी एकदा, दुपारच्या सुट्टीत, ते कागदांची सुरळी घेऊन यायचे. अक्षर म्हणाल तर त्यांचं त्यांनाही दुसऱ्या दिवशी लागायचं नाही. बाईंना मात्र लागायचं, कारण बाई अर्थाच्या भानगडीत न पडता नुसती वळणं ओळखायच्या. मूळ प्रत काकांची, कार्बनची नक्कल बाईंकडे. "पोस्टाचा काही भरवसा नाही, एक तुमच्याकडे असू द्या," असं ते पहिल्याच खेपेला म्हणाले होते. तो कार्बन दोऱ्याने बांधून लोखंडी ट्रंकेत जायचा. पानं हातात घेतली की ते दर वेळी विचारायचे, "कशी वाटली?"

"छान आहे," बाई म्हणायच्या आणि पुढचा कागद रोलरमध्ये सरकवायच्या.

आता माणूस एवढ्या आशेने विचारतोय, त्याला "मी वाचली नाही हो" असं तोंडावर कसं सांगायचं? पहिल्यांदा त्या भिडेपोटी छान म्हणाल्या, दुसऱ्यांदा पहिल्यांदा म्हणाल्या म्हणून, आणि मग एकतीस वर्षं छानच म्हणत राहिल्या.

काका गेल्या वर्षी गेले. जिवंत असताना त्यांची पुस्तकं वाचनालयात सर्वांत खालच्या फळीवर असायची. ते गेले आणि लोकांना एकदम उमाळे आले, कारण कुणाच्या तरी लक्षात आलं की काकांनी फार पूर्वी लिहिलेलं एकामागून एक खरं होत चाललंय. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! वाचनालयाने त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाची सभा ठरवली आणि काकांची लेक, दातांची डॉक्टर, स्वतः आमंत्रण घेऊन बाईंच्या घरी आली.

"मावशी, तुम्हाला बोलायचंय," ती म्हणाली. "बाबांच्या कल्पनांवर कॉलेजचे एक प्राध्यापक बोलतील. पण पहिल्या वाचक तुम्ही. बाबा म्हणायचे, बाईंनी छान म्हटलं की मी निर्धास्त."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"आणि आणखी एक विचारायचं होतं." लेकीचा आवाज उतरला. "आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा तुमच्याकडे गोष्ट घेऊन आले होते. आठवतंय? मी एकोणीस वर्षांची होते. घरात आईची चादर अजून तशीच होती आणि हा माणूस कागद गुंडाळून निघाला. डोळ्यांत टिपूस नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. बावीस वर्षं. ती गोष्ट मी छापलेली शंभरदा वाचली मावशी, त्यात आईबद्दल एक अक्षरसुद्धा नाही. तुम्ही तर ती पहिल्यांदा वाचलीत. असं काय होतं हो तिच्यात, की त्यांना तेरा दिवस थांबता आलं नाही?"

"बघून सांगते," बाई कशाबशा म्हणाल्या. ती जिना उतरून गेली तरी बाई उभ्याच होत्या.

बाईंचा नवरा निवृत्त बसकंडक्टर. त्याने आतून सगळं ऐकलं होतं. "अगं, घाबरतेस काय? मी तीस वर्षं तिकिटं फाडली. कोण कुठे आणि कशाला चाललंय, कधी विचारलं का? आपलं काम फाडायचं, तुझं काम बडवायचं. सभेत जा, छान छान म्हण आणि ये."

"अहो, त्या पोरीने मला सरळ विचारलंय."

"मग वाच की! ट्रंक काय गंजायला ठेवलीय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी ट्रंक उघडली. सर्वांत जुनी गड्डी सोडली, चष्मा पुसला आणि डोळे सवयीने थेट शेवटच्या शब्दावर गेले. दोनदा, तीनदा तेच झालं. शेवटी त्यांनी फूटपट्टी घेतली, पानाच्या वरच्या ओळीखाली धरली आणि पहिलीतल्या मुलासारखं ओळ ओळ खाली सरकत वाचायला लागल्या.

ती गोष्ट सदतीस वर्षांपूर्वीची होती. एक पंपहाऊसचा कामगार गटाराचं पाणी बाटल्यांत भरतो, तपासतो आणि पुढच्या आठवड्यात कुठल्या गल्लीत कसली साथ येणार ते आधीच सांगतो. माणूस ताप लपवेल, डॉक्टरशी खोटं बोलेल, पण गटार खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. लोक त्याला वेड्यात काढतात. बाईंनी फूटपट्टी खाली ठेवली. मागच्या साथीत त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी हातमोजे घातलेली माणसं गटाराचं झाकण उघडून बाटल्या भरत होती! बाईंनी खिडकीतून बघितलं होतं आणि नवऱ्याला म्हणाल्याही होत्या, काय एकेक नवीन खुळं काढतात! नवीन कसलं? ते खूळ त्यांच्याच या दहा बोटांनी तेव्हा टाइप केलं होतं, जेव्हा त्या साथीचं नाव जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांनी दुसरी गड्डी सोडली, मग तिसरी. एका गोष्टीत मेलेल्या माणसाचं बोलणं साठवणारं यंत्र होतं. आजोबा गेल्यावरही त्यातून नातवाशी गप्पा मारायचे, हुबेहूब, अगदी खाकरून सुरुवात करून. मग सरकारला कायदा करावा लागतो, की मेलेल्याने जिवंतपणी म्हटलेलंच पुन्हा म्हणावं, नवीन वाक्य बोलू नये, कारण ते नवीन वाक्य नेमकं कुणाचं, हे कुणालाच सांगता येत नाही. आता सुनेच्या मोबाइलमधलं ते यंत्र कुणाच्याही आवाजात बोलून दाखवतं, तेव्हा घरातल्यांची हसता हसता पुरेवाट होते. उद्याकाका त्याच्यावर हसले नव्हते. तीस वर्षं आधीच त्याच्या पुढच्या भांडणापर्यंत जाऊन आले होते.

बाई जेवायला उठेनात. नवऱ्याने भात गरम केला, पुन्हा गरम केला. "अहो," त्या म्हणाल्या, "हा माणूस माझ्यासमोर त्या डुगडुगत्या स्टुलावर बसायचा. चहात बिस्कीट बुडवायचा, अर्धं तुटून कपात पडायचं, मग चमच्याने शोधत बसायचा. मला वाटायचं, वेंधळा आहे बिचारा. आणि त्याच वेळी याच्या डोक्यात हे सगळं! मी आभाळाएवढ्या माणसाला दर वेळी जरा सरकून बसा म्हणत होते."

सलग पाच दुपारी वाचल्यावर त्यांना एक खटकलं. चुकीवर पोसलेला डोळा तो, त्याला खटकणारच. गटाराच्या गोष्टीत तो कामगार बाटलीला चिठ्ठी लावतो, त्याच्या पुढची ओळ अशी होती: "बाई, हे वाचलंत तर सांगा, आजचा चहा माझ्याकडून." आणि पुढे गोष्ट आपली चालूच. या गोष्टीत बाई कुठून आल्या? अख्ख्या पंपहाऊसमध्ये एक बाईमाणूस नव्हतं. त्यांनी छापील पुस्तक काढून ताडून पाहिलं. त्यात ती ओळ नव्हती.

त्यांनी पुढची गड्डी घेतली आणि आता मुद्दाम शोधलं. होती. "बाई, मागच्या गोष्टीला तुम्ही छान म्हणालात. आता या गोष्टीत मी तुमच्या टाइपरायटरला शिंगं फोडतो." त्याच्या पुढचीत, "बाई, तुमचा शिक्केवाला परग्रहावरून आलाय. त्याला कळू देऊ नका." प्रत्येक गोष्टीत, कुठेतरी मध्यात, एक तरी ओळ बाईंच्या नावाने होती. बाईंनी ती इमानेइतबारे, एकही चूक न करता टाइप केली होती. काका ती मूळ प्रतीवर घरी खोडत असणार आणि मग पाकीट पोस्टात टाकत असणार. कार्बनवर मात्र सगळं शाबूत होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. "शिंगं? आणि तू छान म्हणालीस?" बाईंचे कान तापले. एकतीस वर्षं आपण त्यांना बनवतोय अशी त्यांची समजूत होती!

सातव्या-आठव्या गड्डीत ओळ लांब झाली. "बाई, तुम्ही वाचत नाही हे आता पक्कं झालं. आधी जरा वाईट वाटलं. मग म्हटलं, बरंच आहे. जिथे बोलता येईल आणि कुणी ऐकणार नाही, अशी एक तरी जागा माणसाला हवी. पण कधीतरी तुम्ही वाचाल. हे माझं भाकीत समजा." तिथून पुढे थट्टा कमी होत गेली. संपादकाने परत पाठवलेल्या गोष्टींचं दुःख होतं. बायकोच्या आजारपणाचं होतं. डॉक्टर काय म्हणाले आणि घरी जाऊन काकांनी तिला काय वेगळंच सांगितलं, ते होतं. बाई त्या पानांवर बोट फिरवत बसायच्या. शाई उठून बोटाला लागायची.

मग ती गड्डी आली. गोष्ट अशा शहराची, जिथे दिव्यांनी रात्र पार संपवून टाकलीय, आणि शाळेतल्या मुलांना सहलीला अंधार बघायला नेतात. जाड भिंतींची एक खोली, तेवढ्यातच काय तो शिल्लक आहे. काकांनी लिहिलं होतं की अंधार पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाला वाटतं, आपलं अंगच नाहीसं झालं. बाईंनी श्वास धरून वाचलं. चौथ्या पानावर, वाटाड्या दिव्याकडे हात नेतो तिथे, मध्येच लिहिलं होतं:

"बाई, परवा ही गेली. पंपाशेजारी बसून रडतो. तिथल्या आवाजात ऐकू जात नाही. लेकीसमोर रडलो तर ती गळ्यात पडेल आणि मग आम्ही दोघंही उठणार नाही. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे. ती माझ्यावर रागावलीय. रागावू दे. रागावलेलं माणूस उभं राहतं. मला मात्र हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून गोष्ट घाईने संपवली आणि तुमच्याकडे आणली."

त्याच्या पुढच्या ओळीत वाटाड्याने दिवा मालवला होता आणि मुलं एकमेकांचे हात शोधत होती.

बाईंना तो दिवस आठवला. काका स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर. "इतक्या लवकर कशाला आलात?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि कागद लावून खटखट सुरू केली होती. हा माणूस हातभर अंतरावर बसून आपल्या दुःखाची अक्षरं एकेक करून कागदावर उमटताना बघत होता. आणि पानं हातात घेताना त्याने त्याही दिवशी विचारलं होतं. आणि बाई, त्याही दिवशी, छान म्हणाल्या होत्या.

त्या ढसाढसा रडल्या. नवऱ्याने पान वाचलं आणि या वेळी तो हसला नाही. पान परत देत म्हणाला, "याचा स्टॉप केव्हाच मागे गेला गं."

"म्हणून काय उतरवायचंच नाही?"

"उतरव. पण ती विचारेल, बावीस वर्षं हे तुमच्याकडे होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत? तेव्हा काय म्हणशील? तिचा बाप आता नाही. भरून काय देणार आहेस तू तिला?"

बाईंना फिकीर स्वतःच्या अब्रूची नव्हती हो, ती गेली तर जावो चुलीत. पण त्यांनी तेव्हा एकच पान सरळ वाचलं असतं, तर एका लेकीला बापाची बावीस वर्षं मिळाली असती. हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगायचं, तर तो माणूस तिच्या लेखी कायमचा दगड राहणार. दोन दिवस त्या घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या.

सभेला दुपारीच हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. प्राध्यापक सुरेख बोलले. पंपहाऊसच्या चार भिंतींत बसून एका माणसाने जग कसं आधीच बघून ठेवलं, हे त्यांनी सांगितलं. मग बाईंचं नाव पुकारलं, "काकांच्या पहिल्या वाचक" असं. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत लेक बसली होती.

"मी पहिली वाचक नाही," बाई माइकसमोर म्हणाल्या. "मी शेवटची. मी त्यांच्या गोष्टी एकतीस वर्षं टाइप केल्या आणि एकही वाचली नाही. छान आहे म्हणून थाप मारायचे. मागच्या पंधरा दिवसांत वाचल्या." हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं, मग कुणीच हसलं नाही. "तुम्ही सगळे शहाणे, तुम्हाला त्यांची थोरवी आधी कळली. माझ्या तर हातांखालून समुद्र गेला, आणि माझी बोटंसुद्धा ओली झाली नाहीत. अजून वाचताना मधेच थांबते. वाटतं, इतकं लांबचं दिसणाऱ्या माणसाला जवळचं दिसत नसेल, असं आपण म्हणत होतो. त्यांना सगळ्यांत जवळचं सगळ्यांत आधी दिसत होतं. एवढंच."

सभा संपल्यावर त्यांनी लेकीला बाहेर पायऱ्यांवर गाठलं आणि पिशवीतून ते पान काढलं. पातळ, पिवळं, कडेला फाटलेलं.

"तू विचारलं होतंस ना, त्या गोष्टीत काय होतं ते. हे होतं. पुस्तकात नाही, त्यांनी खोडलं. माझ्या ट्रंकेत होतं. वाचलं असतं तर तेव्हाच धावत आले असते गं तुझ्याकडे. नाही वाचलं. तुला काय बोलायचं ते बोल मला."

लेकीने पान घेतलं. चौथ्या परिच्छेदापाशी तिचे डोळे थांबले. मग पुन्हा वर गेले आणि पुन्हा तिथेच आले. लोक शेजारून उतरत होते, कुणी नमस्कार करत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"बावीस वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"परीक्षेत पहिली आले होते मी. नुसत्या रागाने. त्यांना पेढासुद्धा दिला नाही, गुणपत्रिका टेबलावर आपटली." तिने पानावरून मान वर केली. "बरोबर होतं मावशी त्यांचं. हेसुद्धा बरोबरच निघालं. राहिले ना मी उभी. आतापर्यंत उभीच आहे."

असं म्हणाली आणि भर रस्त्यासमोर, त्या पायरीवर मटकन खाली बसली.